ढगातला रोवणा

डोमा, बाबांना भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यायला मी उशीर केला, आणि त्यांच्या तेरवीच्या पंगतीत साऱ्या गावासमोर त्याचा दोष तुझ्या ब्लेडवर टाकला. एवढं एक वाक्य. ते लिहायला मला तू मरेपर्यंत वेळ लागला.

तुला जाऊन आठवडा होत आला आहे. लोक मला भेटतात तेव्हा म्हणतात, "मास्तर, तुमचा जिवलग गेला." मी मान हलवतो. जिवलग होतास हे खरंच आहे. अड्याळच्या शाळेत एका बाकावर बसलो, एकाच तलावात पोहायला शिकलो. पुढे मी त्याच शाळेत मास्तर झालो आणि तू नागपूरला एका फोटोवाल्याकडे कामाला गेलास. परत आलास तो तिपाईवरचा मोठा कॅमेरा, फोटो मोठा करायचं यंत्र आणि डोळ्यांत भलतीच चमक घेऊन. बाजाराच्या ओळीत टिनाच्या खोलीत स्टुडिओ थाटलास. पहिल्याच दिवशी मला आत ओढून म्हणालास, "बस. तुयासंग तुलेच बसवतो."

तेव्हा मला कळलं नाही. तू भिंगाच्या अर्ध्या भागावर काळा पुठ्ठा लावलास, मला बाकाच्या उजव्या अंगाला बसवलंस, फोटो घेतलास. मग पुठ्ठा दुसऱ्या बाजूला सरकवून मला डाव्या अंगाला बसवलंस आणि त्याच फिल्मवर पुन्हा घेतलास. दोन दिवसांनी फोटो हातात दिलास, तर मी स्वतःलाच पान देत होतो. पान देणारा मी हसत होतो, घेणारा मी कपाळाला आठ्या घालून बसलो होतो.

"हा आठ्यावाला खरा मास्तर," तू म्हणालास. "हसणारा उधार आणला."

त्या फोटोने तुझं नाव पंचक्रोशीत गेलं. दंडारीच्या खेळात दोन भावांची सोंगं एकच माणूस काढायचा, तो तुझ्याकडे येऊन स्वतःच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून गेला. बाजारातल्या हलवायाला तू त्याच्याच कढईत मांडी घालून बसवलंस, भोवती जिलब्या तरंगताहेत आणि तो ओंजळीने पाक अंगावर घेतोय, जणू तलावावर आंघोळीला आला आहे. त्याने ते चित्र दुकानात लावलं आणि गिऱ्हाइकांना सांगायला लागला की पाक गरम नव्हता. तू जराही विनयशील नव्हतास, डोमा. कुणी तारीफ केली की म्हणायचास, "ब्रह्मदेवानं एकेक माणूस एकाच जागी ठेवला. मी त्याची चूक दुरुस्त करून राहिलो."

आपला वाद तिथूनच सुरू झाला. मी म्हणायचो, फोटो हा पुरावा असतो, तू त्याला खोटं बोलायला शिकवतोस. तू म्हणायचास, "मंग तू कचेरीत जाऊन काढ ना फोटो. मले जे दिसते ते मी दाखवतो." मी विचारायचो, कढईत बसलेला हलवाई तुला कुठे दिसला? तू म्हणायचास, "तुले नाई दिसला? सकायपासून संध्याकाळपर्यंत तो कढईतच तं असते." हा वाद आपण कधी संपवला नाही. बाजाराच्या दिवशी चहा घेताना तो जिथे सोडलेला असायचा तिथून उचलायचो. आता माझी बाजू मी कुणापुढे मांडू?

पण मला लिहायचं आहे ते त्या मोठ्या चित्राबद्दल. परवा सीतावहिनींनी ते तुझ्या घरून कापडात गुंडाळून आणून दिलं. "तुमच्या बाबांचं हाये. तुमच्याच घरी पायजे," एवढंच म्हणाल्या. ते माझ्यासमोर उभं करून ठेवलं आहे. इतक्या वर्षांनी पाहतोय.

आठवतं ना, ते सुचलं तो दिवस? आमच्या शेतातल्या बांधीत रोवणा चालू होता. धान लावणं हे आपल्याकडे बायांचं काम, पण बाबांचा हट्ट असायचा की पहिली ओळ आपणच लावायची. बाया मागून त्यांना चिडवत होत्या.

"मालक, हटा ना आता. ओळ वाकडी होऊन राहिली."

"वाकडी तुयी नजर," बाबा वाकूनच म्हणाले. "माया हातची ओळ सुतासारखी असते."

तू बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभा होतास, बाबांचा फोटो काढायला आला होतास. पाऊस नुकताच उघडला होता. तू एकदम माझा हात धरलास.

"मास्तर, काका कुठं रोवून राहिले, पाह्य बरं."

"बांधीत."

"नीट पाह्य ना बे."

"चिखलात. आणखी कुठे?"

"तुले पोरं शिकवाले कोणं ठेवलं? ढगात रोवून राहिले ते. ढगात!"

मग मला दिसलं. बांधीतल्या पाण्यात आभाळ उतरलं होतं आणि बाबा पऱ्ह्यांची एकेक जुडी सोडून ढगांच्या पोटात रोपं खुपसत होते. मीही पाहिलं होतं, डोमा. ही गोष्ट मी पुढे कुणाला सांगितली नाही.

त्या एका चित्राला तू रोवण्यापासून दिवाळीपर्यंत लागलास. बाबांचा फोटो त्याच दिवशी झाला होता, पण ढग हवे तसे मिळेनात. बाबांच्या अंगावर ऊन डावीकडून पडलं होतं, म्हणून ढगही डावीकडून उजळलेलेच पाहिजेत, असा तुझा हेका. भादव्यात रोज दुपारी तिपाई खांद्यावर घेऊन तू तलावाच्या पाळीवर जायचास, भिंगापुढे पिवळी काच धरायचास म्हणजे काळ्या-पांढऱ्यात ढग उठून दिसतात, आणि वैतागून परत यायचास. गुरं वळणारे विचारायचे, "कोनाचा फोटो काढता जी?" तू म्हणायचास, "बसून नाई राहिला लेकाचा. हलते."

ढग मिळाले तेव्हा खरं काम सुरू झालं. शाळा सुटली की मी येऊन बसायचो. बाबांचा मोठा केलेला फोटो तू अर्ध्या ब्लेडने कापलास, श्वास रोखून. दुपट्ट्याचं उडालेलं टोक, कोपराजवळची घडी, बोटांमधून डोकावणारी रोपं, काही सुटलं नाही. मग कापलेल्या कागदाची कड मागून काचकागदाने घासत बसलास, इतकी पातळ की चिकटवल्यावर बोट फिरवून जोड सापडू नये. मैद्याची खळ वहिनींनी शिजवली होती. तिच्यात गुठळी राहिली म्हणून तू ओरडलास, तेव्हा त्या म्हणाल्या, "उद्यापासून पोळ्या तुमीच करजा, लय बारीक काम येते तुमाले." चिकटवून झालं की सावल्यांची पाळी. चार केसांचा कुंचला घेऊन बाबांची पुसटशी सावली तू ढगांवर उतरवलीस. शेवटी त्या चिकटवलेल्या चित्राचा पुन्हा फोटो घेतलास, नवी निगेटिव्ह केलीस आणि मोठ्या कागदावर छापलंस. जोड गेले, काप गेले. एकच चित्र उरलं.

आत्ता समोर आहे. बाबा आभाळभर मोठे, गुडघाभर ढगात, कमरेत वाकलेले. त्यांच्या मागे सरळ ओळीत रोपं उभी आहेत, पार क्षितिजापर्यंत. खाली लहानसं आपलं गाव, कवेलूंची घरं, तलाव, तारेवर वाळणारं एक लुगडं. आणि ढगांच्या खालच्या अंगाला, अगदी जवळ जाऊन पाहिलं तरच दिसावीत अशी, रोपांची पांढरी मुळं लोंबताहेत. गावाच्या अगदी डोक्यावर. ती मुळं तू कुंचल्याने एकेक काढली होतीस. मी म्हटलं होतं की इतकी बारीक कुणाला दिसणार? तू मान वर न करता म्हणालास, "धानाले तं दिसन." मी तेव्हा हसलो होतो. आज भिंग घेऊन मुळं पाहत बसलो, आणि वाटलं की एवढ्या मनापासून मी आयुष्यात एखादा फळाही पुसला नाही.

मी वाद घातलाच. हे तर साफ खोटं आहे, म्हटलं. तू म्हणालास, "मी काय केलं? तूही होता ना तिथं. फक्त पाणी काढलं मधातून."

दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, दंडारी होतात. त्या मंडईत तू ते चित्र स्टुडिओच्या दारात लावलंस. माणसं खाली बसून पाहत होती. बाबा नवा सदरा घालून चित्राशेजारी उभेच होते, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "हा मी." कुणीतरी विचारलं, "वर मजुरी कोन देते जी काका?" बाबा म्हणाले, "वरचा मालक तुयासारखा नाई. आधी जेवू घालते, मंग कामाले लावते." त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. ते तुझं देणं आहे, डोमा. मी त्यांचा मुलगा, मला ते कधी जमलं नाही.

महिन्याभरात धान मळणीसाठी खळ्यावर आलं. बाबा छाती चोळू लागले. मला म्हणाले, जळजळते. मी ओवा दिला. तू खळ्यावर आलास, बाबांना पाहिलंस आणि मला बाजूला घेतलंस.

"काकाचा रंग पाह्यला का तू?"

"गॅस आहे."

"मास्तर, मी दिवसभर मानसाचे चेहरे पाह्यतो. हा रंग चांगला नाई. उद्या सकायची मोटर धर."

"चुरणा होऊ दे. बैल भाड्याने आणलेत."

"मंग मी नेतो. स्टुडिओ बंद ठेवतो."

"तू तुझे फोटो काढ," मी म्हणालो. "माझ्या बापाचं मी पाहीन."

चुरणा संपला त्या दुपारी बाबा धानाच्या राशीजवळ बसले आणि कलंडले. मोटर भाड्याने आणेपर्यंत सगळं झालं होतं.

तेरवीला गाव जेवायला होतं. तू माझ्यासमोरच्या ओळीत बसला होतास. कुजबूज आधीपासून होती, मला ऐकू येत होती. जित्या माणसाले ढगात धाडलं, गुडघ्यापासून पाय कापले, मंग काय होईन? कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "मास्तर, तुमी शिकेल-सवरेल. तुमाले काय वाटते जी?" मला 'नाही' एवढा एकच शब्द बोलायचा होता. पोरांना मी रोज शिकवत होतो की असं काही नसतं. आणि त्या क्षणी मला एवढंच दिसलं की इथे एक मोकळी वाट आहे, माझ्या पोटातला दगड ठेवायला दुसऱ्याची जागा आहे. मी म्हणालो, "यानंच कापलं माझ्या बाबांना."

तुझा घास हातातच राहिला. तू माझ्याकडे पाहिलंस. खळ्यावर काय बोलणं झालं होतं ते तुला माहीत होतं, मला माहीत होतं, तिसऱ्या कुणालाच नाही. तू आता तोंड उघडणार म्हणून मी घट्ट बसलो होतो. तू घास पत्रावळीत ठेवलास, ती दुमडलीस, उठलास, हात धुतलेस आणि वहिनींना हाक मारून घरी गेलास. एक शब्द बोलला नाहीस. आधी वाटलं, घाबरला. मग वाटलं, दुखावला. खरं काय ते समजायला मला पुष्कळ दिवस लागले. बाप गेलेल्या माणसाला त्याच्याच अंगणात गावासमोर उघडं पाडायचं नाही, एवढं तू बसल्या जागी ठरवलं होतंस. त्याची किंमत आपण मोजायची, हेही.

ती तू मोजलीस. चित्र उतरवलंस. हलवायाने आपलं कढईतलं चित्र काढून टाकलं. लग्नाचे फोटो काढायला लोक बोलवायचे, पण आधी बजावायचे, "कापाकापी नको हं डोमाभाऊ. पाय पुरे येऊ दे." साध्या माणसाची कुजबूज विरून गेली असती, पण मास्तर बोलला होता. तू पासपोर्टचे फोटो काढलेस, नवरा-नवरीचे काढलेस, शाळेचे वर्गवार काढलेस. माणूस जिथे असेल तिथेच ठेवलास. वहिनींना परवा विचारलं, नंतर कधी गुपचूप एखादं केलं का हो? त्या म्हणाल्या, "नाई. ब्लेडनं पोरीच्या पेन्सिली छिलत होते." मी मनातून आशा करत होतो की एखादी पेटी निघेल, तुझी लपवलेली चित्रं निघतील, माझा भार थोडा हलका होईल. तसं काही नाही. इतकी वर्षं तू खरोखरच थांबला होतास. कुठली कुठली चित्रं झाली असती, मला अंदाजही करता येत नाही. माझं डोकं तसं चालत नाही, तुझंच चालायचं.

आणि तरी तू माझ्याशी बोलायचास! वर्षभराने बाजारात समोर आलास, "चहा पाजतेस का नुसताच पाह्यतेस?" म्हणालास आणि सुरू झालास. पुरावा आणि खोटेपणाचा वाद मात्र पुन्हा काढला नाहीस. आईने एकदा ते चित्र मागितलं, तेव्हा तू तिला दिलं नाहीस. मला वाटलं, राग आहे. आईने नंतर सांगितलं की तू म्हणालास, "मास्तर घरात रोज पाहीन ते. त्याले झेपनार नाई." माझ्या मुलीच्या लग्नात फोटो काढताना तू मला चारदा ओरडलास, "मास्तर, हस ना! उधार आणू का?" त्या सगळ्या फोटोंत मी हसतो आहे.

या आषाढात तुझा दम वाढला. बाजेवर उशाला टेकून बसलेला असायचास. मी रोज यायचो, रोज ठरवून यायचो आणि पाऊसपाण्याचं बोलून उठायचो. एका दुपारी वहिनी शेजारी गेल्या होत्या. मी एका दमात सगळं बोलून टाकलं. तेरवी, खळं, मोटर, माझी भीती. चूक माझी होती, म्हणालो. माफ कर, म्हणालो. तू डोळे मिटून ऐकलंस. मला वाटलं, झोपलास.

मग म्हणालास, "मले काहून सांगतेस बे? मले तं माहीतच हाये."

"ज्याईले माहीत नाई ते तिकडं बाहेर हायेत," तू दाराकडे हात केलास. मग माझा चेहरा पाहून तूच हसायला लागलास आणि त्या हसण्याने तुला खोकल्याची उबळ आली. "जाऊ दे. पाणी दे मले. मास्तर, तू ना, लय हळू छापतेस."

डोमा, त्या दिवशी मी बाहेर जायला हवं होतं. बाजार भरला होता, तुझ्या दारातून हाक मारली असती तरी सगळ्यांना ऐकू गेली असती. मी काय केलं? दिवाळी होऊ दे, म्हटलं. मंडईला सगळं गाव जमतं, तेव्हा नीट सांगू. बाबांच्या वेळी चुरणा होऊ दे म्हटलं होतं, तेच. माणूस एकदा चुकतो असं म्हणतात, मी तर तीच चूक तशीच्या तशी पुन्हा केली. आश्विनात तू गेलास.

आपल्याकडे घाटावर अग्नी दिल्यावर लोक तिथेच बसतात आणि दोघे-तिघे उठून गेलेल्याबद्दल दोन शब्द बोलतात. गावात मास्तर म्हणून हे काम वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे. कोण गेलं तरी मीच उभा राहतो, माझी वाक्यं लोकांना पाठ झाली आहेत. मनमिळाऊ स्वभाव, भरून न येणारी पोकळी. तुझ्या वेळीही सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सरपंच म्हणाले, "मास्तर, बोला जी. तुमचा दोस्त होता."

मी उभा राहिलो. नेहमीचं पुस्तकी मराठी तोंडात येईना. तेरवीच्या पंगतीतले पुष्कळ जण समोर बसले होते, म्हातारे झालेले. हलवाईही होता. घरी बोलतो त्या बोलीतच बोललो आणि तेच इथे लिहितो, कारण तू ते ऐकलं नाहीस.

मी म्हणालो, "माया बाप चित्रानं नाई मेला. त्याची छाती दुखत होती, मले त्यानं सांगतलं होतं. डोमानं मले सांगतलं होतं, दवाखान्यात ने. तो म्हणे, मी नेतो. मी नाई नेलं, नाई नेऊ देल्लं. मले चुरण्याची पडली होती. मंग तुमच्यासमोर मी डोमाचं नाव घेतलं. मी खोटं बोललो. मले माहीत होतं मी खोटं बोलून राहिलो. तुमी मायावर भरोसा ठेवला अन् त्याचे हात बंद झाले. तो मले तेव्हाच उघडं पाडू शकत होता, पन पाडलं नाई. त्यानं माया बापाले ढगात रोवणा लावताना दाखवलं, अन् माया बापानं मरायच्या आधी त्याच्याएवढं सुख कशातच पाह्यलं नाई. वहिनी, तुमची माफी मांगतो. गावाची माफी मांगतो. डोमा, मी लय उशीर केला. तुयी माफी मांगतो."